विंचू टॉर्चखाली हिरवा चमकतो, हा काजव्यासारखाच उजेड हाय का?

धुऱ्यावरचा_गडी:
राजेहो, एक विचाराचं होतं. आमच्याकडं पंपाची लाईन रातचीच असते, परवा चन्याले पाणी द्यायले वावरात गेलो, खिशात नोटा पाह्याची जांभळी टॉर्च होती, सहज धुऱ्यावरच्या गोट्यावर मारली अन् अंगावर काटाच आला. इच्चू हिरवागार चमकून राह्यला होता, पार नांगीपर्यंत. टॉर्च बंद केली का अंधार, लावली का पुन्हा हिरवा. हे काजव्यासारखंच हाय का? अन् ट्रॉलीमागचं रेडियम कोन्त्या जातीचं?

मास्तर_वर्धा:
भाऊ, टॉर्च बंद केली अन् विंचू विझला, उत्तर तिथंच आहे. त्याचा स्वतःचा उजेड नाहीच. टॉर्चमधले अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत, पण विंचवाच्या कवचातली रसायनं ते शोषून हिरवट-निळा प्रकाश बाहेर टाकतात, याला प्रतिदीप्ती म्हणतात. म्हणून मेलेला विंचूही चमकतो, अन् नुकतीच कात टाकलेला मात्र कवच कडक होईपर्यंत फारसा चमकत नाही. घरी पाहायचं तर चिमूटभर हळद गोडेतेलात कालवा अन् तीच टॉर्च मारा, तेल हिरवट-पिवळं उजळते. काजव्याचं वेगळं. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी जुळते, ल्युसिफरेज नावाचं विकर (एन्झाइम) ते घडवून आणते, अन् त्यातूनच उजेड निघते. हातावर घेऊन पाहा, चटका सोडा, कोमटही लागत नाही.

ट्रॅक्टरवाला:
ट्रॉलीवरच्यात रेडियम नसतेच, नाव तेवढं राह्यलं. त्यात काचेचे बारीक मणी असतात, मागच्या गाडीचा उजेड आला तिकडंच परत फेकतात, बस. खरं रेडियम क्युरी नवरा-बायकोनं 1898 मध्ये शोधलं, मग ते घड्याळाच्या काट्यांना लावत. अमेरिकेत ते रंगवणाऱ्या पोरी ब्रशला टोक आणायला तो ओठात धरायच्या, जबडे सडले बिचाऱ्यांचे, कित्येक जणी गेल्या. फार वाईट वाटते वाचून. आता पोरांच्या खोलीत छताला चिकटवतात त्या चांदण्यांत वेगळा पदार्थ असते, दिवसा उजेड पिऊन रात्री हळूहळू सोडते.

मास्तर_वर्धा:
अजून एक, खडीसाखर. रात्री लाईट गेली की दहा मिनिटं अंधारात बसा, डोळे सरावू द्या, मग खडा पक्कडीत धरून फोडा. फुटता फुटता निळसर ठिणगी दिसते, ती हवेतल्या नायट्रोजनची.

धुऱ्यावरचा_गडी:
आज हळदीचं केलं, पोरगी टॉर्च सोडूनच नाही राह्यली. अन् आता कोठ्यात जायच्या आधी बुटात अन् सरपणात तीच टॉर्च मारतो, काल सरपणात दोन सापडले.