प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डॅशवरच्या मीटरमध्ये एलईडी टाकावेत का? माझं मत : अजिबात नाही

घाटवाट : परवा एका ओळखीच्यांनी पद्मिनीचं मीटर उघडून आतले सगळे बल्ब काढून एलईडी टाकले आणि कौतुकानं रात्री मला चक्कर मारायला नेलं. खरं सांगू? मोबाईलच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. निळसर पांढरा भगभगीत उजेड, मधले दोन आकडे डोळ्यात घुसतायत आणि कडेचे अंधारात. जुना बल्ब चहूबाजूंनी उजेड टाकतो, तो आतल्या पांढऱ्या रंगावर आपटून पसरतो, म्हणून सगळे आकडे सारखे दिसतात. हे स्वस्तातले एलईडी नुसता नाकासमोर झोत मारतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशी ठेवायची नसेल तर जुनी गाडी पाळायचीच कशाला. पटत नसेल तर भांडा, पण कारण द्या.

रात्रपाळी : कारण देतो. वरंधा घाट, जुलै महिना, रात्रीचे दहा, काचेवर धुकं, आणि स्पीड किती ते बघायला मला खिशातून मोबाईल काढून मीटरवर बॅटरी मारावी लागली. तुमचा तो जुन्या बल्बचा उजेड फोटोत छान दिसतो हो. माझे डोळे पंचावन्न वर्षांचे आहेत, गाडीपेक्षा म्हातारे.

वायरिंगवाला : रात्रपाळी साहेब, रागावू नका पण बल्बच्या होल्डरची अर्थ (म्हणजे करंट परत जायची जोडणी) कधी घासली होती शेवटची? या गाड्यांत होल्डर मीटरच्या पत्र्यावरून अर्थ घेतो आणि पत्रा गंजलेला असतो. बाराच्या जागी बल्बला दहा व्होल्ट मिळाले ना की व्होल्ट सहाव्या हिश्श्यानंच घटतात, पण उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो, निम्म्यावर! लोक बल्बला शिव्या देतात आणि दोष असतो गंजाचा. पॉलिश पेपर मारा, बल्ब नवा टाका (जुन्याची काच आतून काळी पडलेली असते), मग बोलू.

घाटवाट : हेच म्हणतोय मी!!

रात्रपाळी : घासलं हो, सगळं घासलं. बॅटरीपासून वेगळी अर्थची तारही ओढली. फरक पडला पण घाटात पुरेसा नाही. शेवटी वॉर्म व्हाईटवाले एलईडी आणले, ज्यांना चारी बाजूंनी चिप असतात ते. निळसर नाहीत, ठिपका पडत नाही, आकडे कडेपर्यंत दिसतात. घाटवाटनी जे बघितलं तो भंगार माल होता, त्यावरून सगळ्यांना नावं ठेवू नयेत. शिवाय साध्या बल्बची उष्णता... त्या बंद डब्यात चार बल्ब म्हणजे आठ-नऊ वॅट, माझ्या मीटरचं रंगीत प्लास्टिक भाजून तपकिरी झालं होतं.

वायरिंगवाला : उजेडाचे बल्ब बदला, त्यावर मी वाद घालणार नाही, आवड ज्याची त्याची. पण चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावू नका. माझ्याकडे एक गाडी आली, बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवलेला, मालकानी हौसेनं मीटरमधले सगळे बल्ब एलईडी केलेले, आणि बॅटरी सारखी उतरते म्हणून दोनदा बॅटरी बदललेली. अहो तो दिवा नुसता दिवा नाहीये, बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच्यातूनच जातो. २.२ वॅटचा बल्ब साधारण १८० मिलीअँपिअर जाऊ देतो, एलईडी दहा-वीस. मग अल्टरनेटर जागाच होत नाही, जोरात रेस केली तर होतो, आणि सिग्नलला रांगत जाणाऱ्या गाडीला कोण रेस करतंय. अस्सल बल्ब परत लावला, प्रश्न मिटला.

भाचेबुवा : काका माझ्या गाडीत चार्जिंगच्या दिव्यालाही एलईडी आहे, दोन वर्षं झाली, काही झालं नाही, उगाच घाबरवताय

वायरिंगवाला : तुझी डायनॅमोवाली असणार. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, तो त्यावरच उठतो, त्याला दिव्याची गरज नाही. तरीही तू एक गमावलंस. रात्री हेडलाईट लावल्यावर तो लाल दिवा अगदी किंचित, निखाऱ्यासारखा दिसायला लागला की समजायचं कटआउटचे (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट नाहीतर तार खराब झालीये, दोन-तीन व्होल्ट मध्येच खाल्ले जातायत. साधा बल्ब हे सांगतो. त्या वेळी दिव्यातून करंट उलटा वाहत असतो, तुझा एलईडी एवढ्याशा व्होल्टला आणि उलट्या करंटला पेटणारच नाही.

भाचेबुवा : हे माहीत नव्हतं. पण मग एलईडीला समांतर रेझिस्टर टाकला तर, म्हणजे जास्तीचा करंट त्यातून जाईल? पुण्यात तपकीर गल्लीत पाच वॅटचा ६८ ओमचा मिळतो

वायरिंगवाला : अल्टरनेटरवाल्या गाडीत चालेल, तेवढाच करंट जाईल. पण म्हणजे बल्ब काढून बल्बाएवढंच तापणारं दुसरं काहीतरी लावायचं. कशासाठी?

बीटलवेडा : इंडिकेटरच्या दिव्याचंही सांगा कुणीतरी. कित्येक जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंना मिळून मीटरमध्ये एकच दिवा असतो, डाव्या-उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला, करंट कधी इकडून तिकडे कधी तिकडून इकडे. एलईडी घातला की डावीकडे लुकलुकतो आणि उजवीकडे मेलेला. मी अख्खा रविवार फ्लॅशर रिलेला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) दोष देत बसलो होतो. आणि बाहेरचे इंडिकेटरही एलईडी केलेत तर तो एकटा बिचारा नीट पेटतच नाही, त्याला दुसऱ्या बाजूच्या बल्बांतून मिळणारा परतीचा रस्ता राहत नाही.

घाटवाट : आणि उद्या व्हिंटेज नोंदणीला गेलात की? २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी असं आहे.

रात्रपाळी : तो नियम चॅसिस, बॉडी, इंजिन यांच्या मोठ्या बदलांबद्दल आहे. बल्ब अर्ध्या तासात परत बसतात, माझे मूळचे सगळे बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून ठेवलेत. रॅलीच्या आदल्या दिवशी लावतो, घाटाच्या आदल्या दिवशी काढतो. चार्जिंगचा मात्र आजच परत लावतो, वायरिंगवाल्यांनी झोप उडवली.

घाटवाट : डबा भरून बल्ब ठेवणारा माणूस मनातून माझ्याच बाजूचा आहे. असो. वायरिंगवाले, मीटर बाहेर काढताना स्पीडोमीटरची केबल पिळली जाऊ नये म्हणून काय करता? मी फक्त अर्थ घासणार आहे, एलईडी नाही म्हणजे नाही.

वायरिंगवाला : आधी बॅटरीची तार काढा. मग डॅशच्या खालून हात घालून केबलची गोल चकती सोडवा, पक्कड लावू नका, हातानंच. मीटर त्यानंतर ओढा.