घरचा सातबारा नको, जुने फेरफार द्या

शाळेत स्त्री-पुरुष भेदभाव शिकवताना धडा सतीबंदी आणि केशवपनावर थांबला की मुलांना भेदभाव संपल्यासारखा वाटतो, हे म्हणणं मला अगदी पटतं. आठवी-नववीला तलाठी दप्तरातले जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, वाचायला द्या. वारस नोंदीत मुलींची नावं लागतात आणि पुढे हक्कसोडपत्राने (आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताने) कमी होतात. ही दोन पानं शेजारी ठेवली की प्रश्न मुलांकडूनच येतात. मग हिंदू वारसा कायद्याचे टप्पे मांडा: १९५६चा मूळ कायदा, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क देणारी महाराष्ट्राची १९९४ची दुरुस्ती (आधीच लग्न झालेल्या मुली तिने वगळल्या, हे आवर्जून सांगा) आणि तोच हक्क देशभर देणारी २००५ची दुरुस्ती.

घरचा सातबारा मात्र मागवू नका, आत्या-बाबांचा वाद वर्गात उघडा पडतो. दुसऱ्या तालुक्यातले, नावं झाकलेले उतारे घ्या. आणि विदर्भातल्या शाळेत बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे वगळून चालणारच नाही, स्त्रियांवरच्या अन्यायाचा जाब विचारणारं त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२चं आहे.