हट्टी लेकराला दर आठवड्याला वाचनालयात न्यायचंय, कसं जमवता?

मांजराकाठची (लातूर)

नमस्कार. माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. चित्रांच्या पुस्तकांचं भारी वेड, पण स्वभाव तितकाच हट्टी. सकाळी उठल्यापासून "नाई, मीच" चालू. तिला आठवड्यातून एकदा वाचनालयात न्यायचंच असं मी ठरवलंय. आमच्या गावात वाचनालय नव्हतं, मी सातवीत शहरात आले तेव्हा पहिल्यांदा पुस्तकांनी भरलेलं कपाट पाहिलं. तिचं तसं होऊ द्यायचं नाही.

तीनदा नेलं, तिन्ही वेळा संध्याकाळी सहाच्या सुमारास. पहिल्यांदा तिनं पेपरची काठी ओढली आणि एका आजोबांच्या हातातलं पान टरकन फाटलं. दुसऱ्यांदा दहा मिनिटं छान बसली, पण निघू म्हटलं की फरशीवर आडवी. तिसऱ्यांदा तिच्या रडण्यानं अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची पोरं उठून बाहेर आली. टेबलावरचे काका म्हणाले, "ताई, लेकरू जरा मोठं झाल्यावर आणा." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण घरी येताना डोळ्यांत पाणी आलं.

कोणत्या वेळी नेता? निघताना काय करता? आणि पुस्तक फाटलं तर?

गोदाकाठ (नांदेड)

ताई, संध्याकाळी सहाला नेऊच नका. ती वेळ लेकरांच्या चिडचिडीची असते.

जुना ग्रंथपाल (परभणी जिल्हा)

तालुक्याच्या वाचनालयात बरीच वर्षं काम केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडची बहुतेक वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी, दुपारी बंद असतात. सकाळी उघडल्या उघडल्या पेपर वाचणाऱ्यांची गर्दी होते. ती ओसरली की बंद व्हायच्या आधीचा तास सगळ्यात शांत असतो. त्या वेळी न्या, पोटभर खाऊ घालून. सोमवार-मंगळवारसारखा आडवार धरा.

त्याआधी एकदा लेकराला घरी ठेवून एकट्या जा आणि ग्रंथपालांशी बोला. "मुलांचं कपाट कोणतं, तिला कुठं बसवू?" एवढंच विचारा. सरकारी प्रतवारीत अ आणि ब दर्जा मिळालेल्या वाचनालयांत बहुधा बालविभाग असतो, पण पुष्कळदा ते कपाट कुलूपबंद असतं आणि किल्ली मागितल्याशिवाय निघत नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून ग्रंथालयांना पुस्तकं मिळतात, त्यांत लहान मुलांचीही असतात. नसतील तर मागणी नोंदवा. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तकं इतक्या लहान वयाला चालतात. वाचकानं मागितलं तर पुढच्या खरेदीच्या यादीत नाव चढतं, हे मी स्वतः केलेलं काम आहे.

सभासदत्व तुमच्याच नावानं घ्या, अनामत आणि वर्गणी भरून. पुस्तक फाटलं तर घरी सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते आणि चिकटा पानात उतरतो. फाटलेला तुकडा जपून आणा आणि सांगा. आम्ही मैद्याची पातळ खळ करून त्यावर पातळ कागद चिकटवायचो. लेकरानं पान फाडलं म्हणून मी कधी कुणाला परत पाठवलं नाही. लपवून कपाटात ठेवलेल्या पुस्तकाचं मात्र वाईट वाटायचं.

गोदाकाठ (नांदेड)

काकांनी वेळेचं सांगितलं, मी निघण्याचं सांगते. माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे, पण दोन वर्षांचा असताना अगदी तुमच्या लेकीसारखा होता. "चल आता" म्हटलं की तो ताठ व्हायचा. मग मी त्याला कामं लावली. पुस्तक टेबलावर परत द्यायचं ते त्यानंच. तारखेचा शिक्का मारताना काकांशेजारी उभं राहायचं. पिशवीत पुस्तक घालायचं, दारात चप्पल घालायची. एकातून दुसरं काम निघत गेलं की तो बाहेर आलेला असायचा.

निवडायलाही दोनच पुस्तकं समोर धरायची, "हत्तीचं का बसचं?" अख्खं कपाट दाखवलं की गोंधळ होतो. आणि आडवी पडलीच तर रागवू नका. उचला, बाहेर झाडाखाली बसा, रडणं ओसरलं की घरी या. त्या दिवशी पुन्हा आत जायचं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी जायचं. वीस मिनिटं पुरे.

बालाघाट (बीड)

आमच्या गावातल्या वाचनालयात पेपर आणि जाड ग्रंथ सोडून काही नाही. आम्ही चार घरांनी मिळून पत्र्याची पेटी केली. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या छापून शिवल्या. रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात पेटी उघडतो. तिथं लेकरू ओरडलं तरी कुणी डोळे वटारत नाही. वाचनालय सोडा असं म्हणत नाही ताई, पण तिथं दर वेळी रडारडच होत असेल तर दोन महिने असं काही करून पाहा. पुस्तकाची जागा तिला भीतीची वाटायला नको.

मांजराकाठची (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी एकटी जाऊन काकांशी बोलले. त्यांनी किल्ली शोधून खालचा कप्पा उघडून दिला, आत पुठ्ठ्याची पाच-सहा पुस्तकं निघाली!

काल मंगळवारी साडेदहाला गेलो. वरणभात खाऊन. पंधरा मिनिटं बसली, दोन पुस्तकं घेतली. शिक्का बघताना डोळे एवढाले झाले. काकांनी जुन्या कागदावर तिला एक शिक्का मारू दिला. निघताना रडली, पण चपलेपर्यंतच. रात्री बघते तर बाटलीचं झाकण घेऊन आजीच्या पोथीवर ठप ठप शिक्के चाललेले.

एक पुस्तक पुढच्या मंगळवारी परत करते. बदकाचं ती सोडायला तयार नाही, त्याची मुदत वाढवून घेणार आहे.