मदत हवी आहे: टीव्हीला लागेल आणि अण्णांच्या कॅसेटी पण सांभाळेल असा कमी विजेचा एकच डबा (छोटा कॉम्प्युटर) बनवायचाय

नमस्कार मंडळी, परभणीहून विचारायलोय. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगतो.

आमचे अण्णा गंगाखेड, पालमकडच्या सप्ताहांत टेपरेकॉर्डर घेऊन पुढं बसायचे. कीर्तनं, काकडा, भारुडं, आणि आज्जीनं जात्यावर म्हणलेल्या ओव्या पण त्यांनी भरून ठेवल्या. अशा १४० कॅसेटी आहेत, बहुतेक ९० मिनिटांच्या. मागची दोन वर्षं रोज रात्री बसून मी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. ४५ मिनिटांची बाजू असली की ४५ मिनिटंच लागतात, त्याला दुसरा इलाज नाही. वेव्ह फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ ठेवली तर एक कॅसेट साधारण ९५० एमबी होते, म्हणजे सगळं मिळून १३३ जीबीच्या आसपास, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करायची पद्धत) केलं की जवळपास अर्धं. वर आक्काच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी डीव्हीमधे (डिजिटल व्हिडिओ) घेतल्यात त्या तासाला १३ जीबी, आणि लेकरांचे फोटो-व्हिडिओ. एकूण दोन टीबीच्या आत बसतंय.

मागच्या मे महिन्यात एक्सटर्नल हार्डडिस्कमधनं टक टक आवाज यायला लागला आणि दुसऱ्या दिवशी ती दिसायचीच बंद झाली. त्यातल्या २२ कॅसेटींची दुसरी कॉपी कुठंच नव्हती. त्या परत वाजवून उतरवल्या, पण दोन कॅसेटींची टेप आतल्या आत चिकटलीय, फिरतच नाही. त्यातली एक आज्जीच्या ओव्यांची आहे. तेव्हापासून झोप लागंना म्हणून आता नीट काहीतरी करायचंय.

सध्या चौथ्या पिढीच्या आय५ चा जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवतो. प्लगमधल्या मीटरवर नुसता बसून ५८ वॅट खातो, म्हणजे महिन्याला ४२ युनिट. उन्हाळ्यात कूलर चालू असतो तवा या ४२ युनिटनं आम्ही वरच्या स्लॅबमधे जातो आणि बिल एकदम चढतं. शिवाय मोबाइलवर काढलेले एचईव्हीसी (कमी जागेत बसवायच्या नव्या पद्धतीचे) व्हिडिओ या मशीनवर अडकत अडकत चालतात कारण त्या काळच्या चिपमधे त्याचं डिकोडिंग हार्डवेअरमधे पूर्ण नाही.

मला पाहिजे ते असं: एकच डबा, हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआयनं जोडलेला, त्यातच दोन डिस्का, सगळं मिळून २० वॅटच्या आत, आईला एका रिमोटवर कीर्तन लावता यावं, आणि मोबाइलमधले फोटो घरी आल्यावर आपोआप त्यात जावेत. लाईट दिवसातून दोन-चारदा जाते, इन्व्हर्टर आहे (१५० एएचची बॅटरी), पण लाईट गेली की डेस्कटॉप दरवेळी रीस्टार्ट होतो. वरचा मजला, स्लॅब तापतो, मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं.

मी बघितलेलं: रास्पबेरी पाय ५ विजेला फारच कमी आहे पण त्याला डिस्का यूएसबीनं नाहीतर वरनं वेगळं बोर्ड जोडून लावाव्या लागतील आणि यूएसबीवर माझा आता भरवसा राहिला नाही. दोन डिस्कांचा तयार नास डबा (घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायचा) घेतला तर टीव्हीसाठी अजून एक मशीन घ्यावी लागणार. म्हणून इंटेल एन१०० कडं मन ओढायलंय, ६ वॅटची चिप, चार कोअर, एचईव्हीसी १० बिट आणि एव्ही१ (अजून एक नवी व्हिडिओ पद्धत) दोन्ही हार्डवेअरमधे चालतं. असरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स बोर्ड बघितला, त्याला लॅपटॉपसारखी १९ व्होल्टची पिन आहे आणि साटाची (डिस्क थेट बोर्डाला लावायची) दोन पोर्ट. सॉफ्टवेअरमधे डेबियन (लिनक्स), जेलीफिन (घरातल्या मशीनींना गाणी-व्हिडिओ पुरवणारं) आणि टीव्हीवर कोडी (प्लेअर) असा विचार आहे. दोन ४ टीबी डिस्का आरसा करून (दोन्हीवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल असं) लावू का? आणि हॉलमधे ठेवणं बरोबर आहे का? ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, आधी इन्व्हर्टरच्या मागं बघा. बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. नॉर्मलवर बदल व्हायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर पडतो. माझ्याकडं लातूरला हेच होतं, यूपीएसवर टाकलं आणि रीस्टार्ट थांबले. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह (साध्या, ओबडधोबड विजेचा) असेल तर मात्र चांगला अडॅप्टर घ्या. अडॅप्टर ९० वॅटचाच घ्या, १८-२० वॅट खाणारं मशीन म्हणून छोटा घेऊ नका, ३.५ इंची डिस्क सुरू होताना काही सेकंद एकटीच २० वॅटच्या पुढं ओढते. आणि अर्थिंग तपासून घ्या, आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत जा.

प्रतिसाद २

बोर्ड बरोबर निवडलाय. डिस्क घेताना डेटाशीटमधे सीएमआर (डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी) लिहिलेलं बघूनच घ्या, एसएमआर (पट्ट्या एकमेकांवर चढलेल्या) डिस्क आरशात फार रखडते. पण भाऊ, आरसा म्हणजे बॅकअप नाही. चुकून फोल्डर डिलीट झालं तर दोन्हीकडनं एकाच क्षणी जातं, वीज पडली तर दोन्ही डिस्का एकाच डब्यात आहेत. तुम्हाला दोन टीबीच लागतंय तर आरसा सोडा, रोज रात्री आरसिंकनं (फाइली कॉपी करायचा प्रोग्राम) पहिल्या डिस्कवरनं दुसऱ्यावर जुन्या आवृत्त्या ठेवून कॉपी करा आणि तिसरी डिस्क दुसऱ्या गावी ठेवा. दुसरी डिस्क उरलेला दिवस झोपलेली राहील, वीज पण वाचेल.

हॉलमधे ठेवा, फक्त कूलरच्या झोतात नको. थंड हवा लागते म्हणून लोक तिथंच ठेवतात, पण बोरच्या पाण्याचा ओलावा आणि क्षार आत जाऊन बसतात. बोर्डाला पंखा नाही, म्हणून डिस्कांवर १२० एमएमचा एक पंखा हळू फिरता ठेवा. डिस्क ४५ च्या आसपास राहिली की झालं.

रिमोटचं एक: रास्पबेरी पायवर टीव्हीचाच रिमोट सीईसीनं (एचडीएमआय वायरीतनं रिमोटचे इशारे पाठवायची सोय) चालतो, एन१०० च्या बोर्डांवर सहसा नाही. आईसाठी यूएसबीचा वेगळा सीईसी अडॅप्टर किंवा साधा यूएसबी रिमोट लागेल.

प्रतिसाद ३ (धागा टाकणारा)

खूप आभार दोघांचे. इन्व्हर्टरचं बटण खरंच नॉर्मलवर होतं! कालपासून यूपीएसवर आहे, लाईट तीनदा गेली आणि डेस्कटॉप एकदाही पडला नाही. आरशाचं पटलं, तो विचार सोडला. तिसरी डिस्क आक्काकडं नांदेडला ठेवतो, सणावाराला येणं-जाणं होतंच तवा बदलत जाईन. बोर्ड, १६ जीबी रॅम आणि एक सीएमआर डिस्क या आठवड्यात मागवतो, दुसरी डिस्क पुढच्या पगाराला. तोवर जुन्या लॅपटॉपमधे एक कॉपी ठेवलीय.

आता एकच राहिलं. त्या चिकटलेल्या दोन कॅसेटींचं खोकं डिंकानं बंद केलेलं आहे, स्क्रूचं नाही. खोकं फोडून टेप दुसऱ्या स्क्रूवाल्या खोक्यात टाकायची असं वाचलंय, पण आज्जीच्या ओव्यांच्या कॅसेटीवर पहिला हात चालवायची हिंमत होईना. हे कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, आणि परभणी-नांदेड भागात स्क्रूवाल्या जुन्या कॅसेटी कुणाकडं पडून असतील तर मी येऊन घेऊन जाईन.