सौर कुंपण : कातळावर अर्थिंग कसं करावं?

मंडळी, मदत हवी आहे. देवगडजवळ आमची हापूसची बाग, खालच्या कुणग्यात (लहान शेतात) भुईमूग. रानडुकरं एका रात्रीत सगळं उकरून टाकतात, बघवत नाही. 12 व्होल्ट बॅटरीचं सौर झटका मशीन घ्यायचं ठरतंय. झटका क्षणभराचाच, जनावर मरत नाही. घरची वीज थेट तारेत सोडणं मात्र कदापि नको, माणसं जातात त्यात.

अडचण कातळाची. अर्थिंगचा रॉड (झटक्याचा प्रवाह जमिनीतून मशीनकडे परत आणणारा) जांभ्यात शिरत नाही, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत. मग झटका बसणार कसा? अर्थची वेगळी तार बरोबरीने ओढली तर चालेल का? पावसात वेली तारेवर चढतात, तेव्हा किती दिवसांनी साफसफाई करता? खाऱ्या वाऱ्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार टिकते का? किनाऱ्यालगत कुणी लावलं असेल तर कृपया सांगा. वानरांसाठी काय करता, तेही सांगा.