पुणे विद्यापीठातून सोलापूरला: एफ.वाय. बी.कॉम.चे क्रेडिट इथे धरतात का?

भवानी_पेठ

नमस्कार मंडळी. मामेबहिणीसाठी विचारतोय. तिनं २०२४-२५ ला पुणे विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजात एफ.वाय. बी.कॉम. केलं, एनईपी (नवं शैक्षणिक धोरण) पॅटर्न. ४४ पैकी ४२ क्रेडिट (पेपर पास झाल्यावर मिळणारे अभ्यासाचे एकक) मिळालेत, २ क्रेडिटचा एक पेपर राहिलाय. लग्नानंतर ती आता सोलापुरात असते आणि अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात एस.वाय.ला प्रवेश घ्यायचा आहे. एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिटचं ऑनलाइन खातं) आयडी काढलेला आहे. एका कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, "क्रेडिट ऑनलाइन आपोआप येतात." दुसरीकडे सांगितलं, "पहिल्यापासून करा." खरं काय? 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा २ क्रेडिटचा एक कोर्सही तिनं केलाय, तो धरतील का? आणि आधारवर नाव सासरचं झालंय, मार्कशीटवर माहेरचंच आहे.

कागद_आधी

दोन्ही खिडक्यांवर अर्धवट सांगितलंय.

एबीसी म्हणजे पासबुक समजा. कुठल्या संस्थेत, कधी, किती क्रेडिट मिळाले याची नोंद तिथे असते. ते क्रेडिट आपल्या पदवीत धरायचे की नाही, हे नवं विद्यापीठ ठरवतं. आपोआप काही येत नाही. विद्यार्थ्यानं स्वतः मार्कशीट चढवून क्रेडिट जमा करायची सोयही तिथे नाही, जमा फक्त संस्था करते. म्हणून आधी बहिणीच्या खात्यात ४२ दिसतात का ते बघा. डिजिलॉकरला आधारशी जोडलेल्या मोबाईलवरून लॉगिन करून एबीसी किंवा अपार (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) शोधा, १२ आकडी आयडी तिथे मिळेल. मग एबीसीच्या पोर्टलवर त्याच लॉगिननं क्रेडिटचा हिशेब दिसतो. शून्य दिसलं तर घाबरू नका. कॉलेजनं आयडी पीआरएनशी (विद्यापीठाच्या नोंदणी क्रमांकाशी) जोडलेला नसतो, नावात फरक असतो, किंवा त्या परीक्षेचा निकाल विद्यापीठानं अजून चढवलेला नसतो. तिन्हीचा इलाज पुण्यात आहे, सोलापुरात नाही. आणि कुणी सांगितलं तरी दुसरा आयडी काढायचा नाही. विद्यापीठ बदललं की पीआरएन नवा मिळतो, एबीसी आयडी जन्मभर तोच.

आता राहिलेला पेपर. तुमची खरी अडचण ही आहे. नापास पेपरचे क्रेडिट खात्यात येतच नाहीत, आणि पुण्याच्या पेपरची परीक्षा सोलापूर विद्यापीठ घेऊ शकत नाही. त्यामुळे एटीकेटी (राहिलेला पेपर) घेऊन विद्यापीठ बदलायला बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात. तो पेपर पुण्याच्या पुढच्या परीक्षेत सोडवा, ४४ पूर्ण करा, मग बदली मागा. त्यात एखादं सत्र गेलं तरी चालेल. अर्धवट मार्कशीटवर कुणी प्रवेश दिलाच, तर विद्यापीठाच्या पात्रता विभागात (बाहेरून आलेल्यांचे कागद तपासतात तिथे) फाईल अडकते, आणि ते कळतं परीक्षा फॉर्म भरायच्या वेळी.

पुढचा क्रम नीट पाळा. पुण्याच्या कॉलेजातून टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आधी काढू नका. आधी सोलापुरातल्या कॉलेजात जागा आहे का विचारा, मार्कशीटच्या प्रती देऊन अर्ज करा, आणि "विद्यापीठाच्या पात्रतेच्या अधीन राहून प्रवेश देण्यास हरकत नाही" असं लेखी घ्या. ते हातात आल्यावर टीसी, आणि टीसीवरून पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला). उलटं केलं की पुण्याच्या पटावरून नाव गेलेलं असतं, इथे नकार मिळतो आणि परत तिथेच जागा मिळेल याची हमी नसते. एकाच विद्यापीठातल्या दोन कॉलेजांत बदली असती तर टीसी आणि ना-हरकत यावर भागलं असतं. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन आणि पात्रता या दोन गोष्टी वाढतात.

मूळ मायग्रेशन विद्यापीठात जमा होतं, परत मिळत नाही. द्यायच्या आधी दोन-तीन साक्षांकित झेरॉक्स काढून ठेवा. हरवलं तर प्रतिज्ञापत्र करा, दुय्यम प्रतीचा अर्ज करा, आणि तोही पुण्यातच.

वेळ म्हणाल तर जून-जुलै, म्हणजे तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला. चौथ्या सत्राला मध्येच यायचा विचार करू नका, कारण इथल्या तिसऱ्या सत्राचे अंतर्गत गुण तिच्याकडे असणार नाहीत. शिवाय जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत केगावला विद्यापीठात हेलपाटा घालून काम होईल या आशेवर राहू नका.

वाणिज्य_शिक्षक

वरचं सगळं बरोबर आहे. समकक्षतेचं, म्हणजे तिकडचा पेपर इकडच्या कुठल्या पेपराबरोबर धरतात याचं, मात्र सविस्तर सांगायला हवं, लोक तिथेच फसतात.

४४ क्रेडिट आणले म्हणजे ४४ धरले असं होत नाही. आकडा जुळून भागत नाही, खाना जुळावा लागतो. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), भारतीय ज्ञान प्रणाली आणि सहशैक्षणिक असे खाने राज्यभर साधारण तेच आहेत. पण कुठला खाना कोणत्या सत्रात टाकायचा हे प्रत्येक विद्यापीठानं आपापलं ठरवलंय. तिथे भारतीय ज्ञान प्रणाली पहिल्या वर्षात झाली आणि इथे ती दुसऱ्या वर्षात असेल तर काय? तिला सूट मिळू शकते, पण त्याच वेळी इथल्या पहिल्या वर्षातला तिनं न केलेला एखादा पेपर डोक्यावर येतो. असा पेपर तिसऱ्या-चौथ्या सत्राबरोबर जादा म्हणून द्यावा लागतो. एकूण बेरीज ४४ असूनही दोन पेपर वाढले, हा अनुभव बदलीवाल्या मुलांना सर्रास येतो.

अर्जाबरोबर एक तक्ता स्वतःच करून जोडा. डावीकडे पुण्याचा पेपर, त्याचा कोड, क्रेडिट, गुण आणि सत्र. उजवीकडे सोलापूरचा त्याला जवळचा पेपर, तसंच सगळं. शेवटच्या रकान्यात कुठले घटक जुळतात ते एका ओळीत. त्यामागे पुण्याच्या प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम लावा, त्यावर जुन्या कॉलेजच्या विभागप्रमुखांची सही आणि शिक्का हवा. वेबसाइटवरून काढलेला नुसता प्रिंट बऱ्याचदा परत येतो. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातली (अभ्यासक्रम ठरवणारी) माणसं तुमच्यासाठी अभ्यासक्रम शोधत बसत नाहीत, आयता तक्ता मिळाला की निर्णय लवकर होतो.

जुळणी बघताना क्रेडिटमागचे तासही बघतात. थिअरीच्या १ क्रेडिटला सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाच्या १ क्रेडिटला ३० तास. समजा तिकडचा अकौंटिंगचा पेपर २ क्रेडिटचा आणि इकडचा ४ चा. मग अर्धा पेपर माफ असा प्रकार नसतो. एक तर मंडळ तिकडचे दोन पेपर मिळून इकडचा एक धरतं, नाही तर ४ क्रेडिटचा पेपर पूर्ण द्यावा लागतो. तिकडचा ४ चा आणि इकडचा २ चा असेल तर वरचे २ बहुधा वाया. त्यांचं दुसरीकडे काही होत नाही.

मायनर आणि भाषा यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. मायनर पुढच्या वर्षांत चालू ठेवायचा असतो. तिनं पुण्यात घेतलेला मायनर इथल्या कॉलेजात शिकवतच नसतील तर ते कॉलेज तिच्या कामाचं नाही, मग ते घराजवळ का असेना. तीच गोष्ट एईसीच्या भाषेची. सोलापुरात काही कॉलेजांत कन्नड, उर्दूसुद्धा मिळेल, पण तिनं तिकडे संस्कृत घेतलं असेल तर आधी विचारून घ्या. कॉलेज निवडताना मायनर आणि भाषा हे दोन प्रश्न पहिले, फी आणि बस नंतर.

आणखी एक नियम. एबीसीच्या २०२१ च्या नियमावलीप्रमाणे पदवी ज्या संस्थेची, तिथले किमान ५० टक्के क्रेडिट असावे लागतात. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची धरली तर ६६ सोलापूरचे हवेत. ती ४४ आणतेय, उरलेले ८८ इथे करेल, काही अडचण नाही. हीच बहीण एस.वाय. पण पुण्यात पूर्ण करून ८८ घेऊन आली असती, तर इथे करायला ४४ च उरले असते आणि नियमात बसलं नसतं. म्हणून विद्यापीठ बदलायचंच असेल तर पहिल्या वर्षानंतर बदला. दुसऱ्यानंतर बदलण्यापेक्षा तिसरं वर्षही तिथेच उरकलेलं बरं, हे माझं स्पष्ट मत.

ग्रेडचं थोडक्यात. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४. सत्राचा एसजीपीए (सरासरी ग्रेड पॉइंट) काढताना प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्याची बेरीज भागिले एकूण क्रेडिट. म्हणजे ४ क्रेडिटला ७ आणि २ क्रेडिटला ९ असतील तर २८ अधिक १८ म्हणजे ४६, भागिले ६, उत्तर ७.६७. किती टक्क्यांना कुठला ग्रेड याचे पट्टे दोन विद्यापीठांत वेगळे असू शकतात. नुसते ग्रेड नेऊ नका, प्रत्यक्ष गुण दिसतील अशी मार्कशीट न्या.

केगाव_फेरी

स्वयंबद्दल. कोर्स "केला" म्हणजे काय ते आधी बघा. व्हिडिओ बघून असाइनमेंट दिल्या आणि केंद्रावर जाऊन परीक्षा दिली नाही, तर क्रेडिट शून्य. परीक्षा दिली असेल तर प्रमाणपत्रावर असाइनमेंटचे आणि परीक्षेचे गुण वेगळे छापलेले असतात. एनपीटीईएलच्या (स्वयंवरच्या आयआयटींच्या) कोर्सला हे २५ आणि ७५ असं असतं, आणि २५ पैकी १० व ७५ पैकी ३० अशी दोन्हीकडे वेगळी अट आहे. एकूण बेरीज कितीही चांगली असली तरी एका बाजूला कमी पडलं की गेलं.

पास असेल तर पुढचा प्रश्न, ते २ क्रेडिट पुण्याच्या मार्कशीटवर आलेत का? आले असतील तर ते ४२ मध्येच आहेत, वेगळे मागू नका. आले नसतील तर सोलापूरचं कॉलेज ते कुठल्या पेपराऐवजी धरणार हे विचारावं लागेल, आणि मागून विचारलेलं सहसा मानत नाहीत. इथून पुढे स्वयंचा कोर्स घ्यायचा असेल तर नाव नोंदवायच्या आधी कॉलेजची लेखी परवानगी घ्यायची. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून घेता येतात असा यूजीसीचा २०२१ चा नियम आहे. पण ती वरची मर्यादा आहे, कॉलेज त्यापेक्षा कमीही ठेवतं.

नावाचं सोपं सांगतो. बारावीपासून सगळं माहेरच्या नावावर असेल तर शिक्षणातलं नाव तेच ठेवा. सासरचं नाव मार्कशीटवर आणायचं तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नाव बदलाची प्रसिद्धी लागते, मग कॉलेज आणि विद्यापीठाच्या नोंदी बदलायच्या. बदलीच्या गडबडीत हे काम अंगावर घेऊ नका. पण एबीसी आयडी आधारवरून नाव उचलतो, त्यामुळे आधारवर सासरचं आणि पीआरएनवर माहेरचं असेल तर क्रेडिट जुळत नाहीत. तिचा आयडी आधार बदलायच्या आधी काढलाय की नंतर, ते सांगा. आडनाव आधी की नाव आधी, एवढ्या फरकानंसुद्धा अडतं. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं असतं, आधारवर शेवटी.

भवानी_पेठ

आयडी आधार बदलायच्या आधीच काढलाय, माहेरच्या नावानं. पेपर सोडवेपर्यंत वर्ष रिकामं जाणार असेल तर एक वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेलं बरं का? नंतर परत येता येतं म्हणे.

कागद_आधी

नको. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं तर ४० ते ४४ क्रेडिट पास हवेत, शिवाय ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप जादा करावी लागते. तिचा पेपर राहिलाय, त्यामुळे आत्ता तसंही मिळणार नाही. आणि नोकरीसाठी कुणी मागितलंच नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? नुसतं थांबायचं असेल तर थांबा. एबीसीत क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात. बाहेर पडून परत यायचं तर ३ वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण ७ वर्षांत. प्रवेशाच्या वेळी खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतील, ते सेतूत होतं. स्कॉलरशिप असेल तर महाडीबीटीच्या (राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलच्या) प्रोफाइलमध्ये कॉलेज आणि वर्ष बदलायला विसरू नका, नाही तर जुन्या कॉलेजच्या लॉगिनला अर्ज पडून राहतो.

विडी_घरकुल

याच धाग्यात विचारतो, माफ करा. २०१४ ते २०१६ मध्ये सोलापूर विद्यापीठात बी.कॉम.ची दोन वर्षं पास, तिसरं राहिलं. ती दोन वर्षं एबीसीत टाकता येतील का?

वाणिज्य_शिक्षक

नाही दादा. एबीसीतून बदली होते ती २०२१-२२ पासूनच्या क्रेडिटची. तुमच्या मार्कशीटला तिथे जागा नाही. पदवी पूर्ण करायची मुदतही साधारण अभ्यासक्रमाची वर्षं अधिक २ अशी असते, ती केव्हाच उलटली. विद्यापीठानं जुन्या विद्यार्थ्यांसाठी विशेष संधी जाहीर केली तरच जुन्या नोंदणीवर तिसरं वर्ष देता येईल. परीक्षा विभागात पीआरएन सांगून तेवढं एकदा विचारा. ते नाही म्हणाले तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत नव्यानं नाव घाला. आधीच्या दोन वर्षांचं काही धरतात का हा प्रश्न फी भरायच्या आधी विचारायचा, आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं.

होटगी_रोड

डिप्लोमावाले हा धागा वाचून गोंधळतील म्हणून एक ओळ. पॉलिटेक्निकनंतर थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला जाताना पेपरनिहाय क्रेडिट बदली होत नाही, पहिलं वर्ष सरसकट माफ होतं. प्रवेश सीईटी कक्षाच्या फेरीतून, डिप्लोमाच्या टक्केवारीवर. खुल्या गटाला किमान ४५ टक्के, राखीवला ४०. त्यांना वरचा तक्ता करायची गरज नाही.

केगाव_फेरी

@भवानी_पेठ, आयडी माहेरच्या नावानं असेल आणि मार्कशीटही, तर तेवढं जुळतंय. डिजिलॉकरमध्ये आत्ता आधार रिफ्रेश करू नका. आधी ४२ दिसतात का बघा, स्क्रीनशॉट काढा, आणि एटीकेटीचा निकाल चढून ४४ झाल्यावर पुन्हा काढा. सोलापूरच्या अर्जाला तो दुसरा स्क्रीनशॉट जोडायचा.