बॅटरीला मंद उजेडाची सोय करून घ्यावी का?

धागाकर्ता (तासगाव):
रात्रपाळीची वीज आली की द्राक्षबागेत ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला जावे लागते. चार्जिंगच्या बॅटरीचा झोत स्टार्टरच्या पांढऱ्या पेटीवरून उलटून डोळ्यांवर येतो आणि बॅटरी विझवल्यावर पायाखालची नळीसुद्धा दिसत नाही. म्हणून मी मूळ बटण काढून, मध्ये ‘बंद’ असलेला तीन स्थितींचा स्विच बसवला. एका बाजूला पूर्वीचीच वाट ठेवली आणि दुसरीकडे मूळ सर्किट वगळून सेल व एलईडी यांच्यामध्ये 47 ओहमचा रेझिस्टर (प्रवाह कमी करणारा लहान भाग) घातला. लिथियम सेल 3.9 व्होल्टवर असताना एलईडीवर साधारण 2.7 व्होल्ट राहतात आणि उरलेले 1.2 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, त्यामुळे प्रवाह 25 मिलिअँपिअरच्या आसपास येतो. एरवी दोन तासांत मान टाकणारा सेल आता आठवडाभराच्या फेऱ्यांना पुरतो. माझ्या मते ही सोय प्रत्येक बॅटरीला असायलाच हवी.

प्रतिसाद (कराड):
मी असहमत आहे. उसाच्या पाचटात घोणस पडली असेल, तर ती मंद उजेडात दिसणार नाही. तिथे झोतच लागतो. शिवाय बॅटरीला भोक पाडले की पहिल्याच पावसात पाणी आत शिरणार, आणि लिथियम सेलजवळ डाग देताना (सोल्डरिंग करताना) चुकून तार टेकली तर शॉर्ट होऊन सेल पेटू शकतो. उजेड कमीच हवा असेल, तर काचेवर रुमाल बांधावा.

प्रतिसाद (सातारा):
रुमालाने उजेड अडतो, सेलचा खर्च तेवढाच राहतो. अंधाराला डोळे पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात आणि एका झोताने ती कमाई जाते, ही धागाकर्त्यांची खरी अडचण आहे. मी आधी 10 ओहम लावून पाहिले होते; प्रवाह 100 मिलिअँपिअरवर आला, तरी उजेड फारसा उतरल्यासारखे वाटेना, कारण प्रवाह निम्मा केला म्हणून डोळ्याला उजेड निम्मा भासत नाही. स्विचबाबत मात्र एक दुरुस्ती सुचवतो: तो दुहेरी (एकाच वेळी दोन वेगळ्या वाटा जोडणारा-तोडणारा) घ्यावा, म्हणजे मंद बाजूला असताना एलईडी मूळ सर्किटपासून पूर्ण सुटी होते, एकेरी स्विचमध्ये प्रवाह उलटा सर्किटमध्ये शिरू शकतो.

धागाकर्ता:
दुरुस्ती मान्य आहे, माझा स्विच एकेरीच आहे. डाग देण्यापूर्वी सेल बाहेर काढला होता आणि भोकाला रबरी वायसर लावला आहे. पाचटात मीसुद्धा झोतच वापरतो, पूर्वीची वाट त्यासाठीच ठेवली आहे.

प्रतिसाद (कराड):
वायसरवर माझा विश्वास नाही. सेलच्या खर्चाचा मुद्दा पटला. परंतु त्यासाठी चांगली बॅटरी उघडण्याऐवजी पेटीपुरती दुसरी लहान बॅटरी मी गळ्यात अडकवीन.